काजव्यांना अंधार हवा, आपल्याला सोय

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मुंबई-पुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर भंडारदऱ्याच्या जाहिराती फिरू लागतात. तंबू, दोन वेळचं जेवण, शेकोटी, म्युझिक आणि यादीच्या शेवटी काजवे. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेलेल्या असतात, मृग तोंडावर आलेला असतो आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली झाडं रात्री लुकलुकायला लागलेली असतात. शनिवारी संध्याकाळी भंडारदऱ्याच्या शेंडी गावापासून रतनवाडी-घाटघरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. सोमवारच्या वर्तमानपत्रात ठरलेली बातमी येते: हुल्लडबाजी, दारू, हेडलाइट, काजव्यांना त्रास. त्या बातमीखाली ठरलेला संताप.

हा संताप खोटा नाही, पण मला तो अपुरा वाटतो आणि थोडा सोयीचाही. हुल्लडबाज पर्यटक हा या प्रकरणातला सगळ्यात आयता आरोपी आहे. त्याला शिव्या घातल्या की आपण सुटतो. काजव्यांच्या मुळावर येणारा उजेड बहुतेक वेळा दारू पिऊन येत नाही. तो रीतसर मीटर घेऊन, परवानगीनं, वर्षभर रात्री जळत असतो. तो लावणाऱ्यांत काजव्यांचं मनापासून कौतुक असलेली माणसंही असतात. म्हणून माझं म्हणणं असं की काजवे वाचवायचे तर तीन आठवड्यांच्या गर्दीला शिस्त लावून भागणार नाही. त्या मुलखातला अंधारच जपावा लागेल, जंगल जपतात तसा, हद्द आखून.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक. आयुष्याचा बहुतेक काळ तो अळीच्या रूपात मातीत आणि पालापाचोळ्यात काढतो, आणि ही अळी काही गोजिरवाणी नसते. गोगलगाय गाठायची, चावा घेऊन तिला बधिर करायची, पाचक रस सोडून तिचं मांस पातळ करायचं आणि मग ते शोषून घ्यायचं, हा तिचा उद्योग. पंख फुटून बाहेर पडल्यावर मात्र त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. कित्येक जातींत या दिवसांत खाणंपिणं जवळपास बंदच असतं. जोडीदार शोधायचा, मीलन, अंडी, आणि संपलं. पोटाच्या शेवटच्या खंडांत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि जवळपास उष्णता न होता प्रकाश निघतो. नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो, मादी गवतातून किंवा पानावरून ठरावीक अंतरानं उत्तर देते. हे अंतर आणि ही लय प्रत्येक जातीची वेगळी. त्यावरूनच त्यांना आपलं माणूस कोण ते कळतं.

म्हणजे आपण ज्याला रोषणाई म्हणून टाळ्या वाजवतो ती त्यांची बोलाचाली आहे. त्यात बाहेरचा पांढरा उजेड आला की काय होतं? डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून एखादीला लग्नाचं विचारून पाहावं, तसं. काजवा त्यानं लगेच मरत नाही, म्हणून आपल्याला काही बिघडल्यासारखं वाटत नाही. तो फक्त चमकायचं थांबवतो, किंवा चमकत राहतो आणि उत्तर येत नाही. रात्र वाया जाते. ज्याच्याकडे मोजून पंधरा-वीस रात्री आहेत त्याच्या दोन-चार अशा गेल्या, तर पुढच्या वर्षीच्या अळ्यांत तेवढी तूट पडते.

रतनवाडीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेला एक जुना सादडा, म्हणजे ऐनाचं झाड, मी पाहिला आहे. त्याच्या एका अंगाला टपरी: चहा, मॅगी, कांदाभजी. टपरीच्या वाशाला एक पांढरा एलईडी लटकवलेला. त्या रात्री झाडाचा दरीकडचा भाग भरभरून पेटत होता. बुंध्याजवळून सुरू झालेली एक लाट शेंड्यापर्यंत जायची, सगळं एकदम विझायचं, क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा खालून सुरुवात. टपरीकडच्या फांद्या मात्र काळ्याठिक्कर. झाडाच्या मधोमध सुरीनं कापावी तशी रेघ दिसत होती. एक गृहस्थ लेकीला खांद्यावर घेऊन बरोबर त्या दिव्याखाली उभे होते आणि अगदी सभ्यपणे विचारत होते, “मावशी, या बाजूला का नाहीयेत हो काजवे?” कुणीतरी मावशींना दिवा बंद करायला सांगितलं, त्यांनी लगेच केला. थोडा वेळ गेला, जवळच्या फांदीवर एक ठिणगी उमटली, मग तिच्या खाली दुसरी. खांद्यावरची मुलगी श्वास रोखून बघत होती. तेवढ्यात पुढची गाडी वळवायला कुणी तरी रिव्हर्स टाकला, मागचे पांढरे दिवे थेट झाडावर आले, आणि मावशींनीही दिवा परत लावला, कारण कढईत भजी होती.

या सगळ्यात हुल्लडबाज कोण होतं? कुणीच नाही. दारू नव्हती, गाणी नव्हती, बाटलीत काजवे कोंबणारी पोरं नव्हती (ती असतात, पण त्या झाडापाशी नव्हती). सगळी माणसं चांगली आणि हरखून गेलेली होती. तरी अर्धं झाड विझलेलं होतं. मला ज्या निष्काळजीपणाबद्दल बोलायचं आहे तो हा आहे.

निसर्ग पर्यटनाच्या बाजूनं नेहमी एक युक्तिवाद केला जातो: लोकांनी पाहिलं तर त्यांना प्रेम वाटेल, प्रेम वाटलं तर ते जपतील. ऐकायला फार गोड आहे. यातला पहिला अर्धा भाग खरा असावा, दुसऱ्याचा पुरावा मला भंडारदरा ज्यात येतो त्या अकोले तालुक्यात तरी दिसत नाही. इतकी माणसं काजवे पाहून गेली, त्यातल्या किती जणांनी घरी जाऊन आपल्या सोसायटीच्या बागेतले रात्रभर जळणारे फोकस बंद करा म्हणून सेक्रेटरीला गाठलं? विस्मय वाटणं ही कृती नाही. तो वाटतो, अंगावर काटा येतो, फोटो काढला जातो आणि रविवारी दुपारी आपण कसारा घाटात ट्रॅफिकला शिव्या देत असतो. उलट, विस्मयाला गिऱ्हाईक आहे हे कळलं की तो पुरवणारी यंत्रणा उभी राहते, आणि यंत्रणेला दिवे लागतात. तंबूंचे कँप, पार्किंग, स्वागताची कमान, तिच्यावर फोकस. काजवे बघायला आलेल्यांना प्रसन्न वाटावं म्हणून कँपच्या झाडांवर लुकलुकणाऱ्या माळा सोडलेल्या मी पाहिल्या आहेत. याच्यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

फोटोंचाही यात वाटा आहे. काजव्यांचे जे फोटो आपल्याला मोबाइलवर दिसतात, ज्यात सगळं जंगल सोन्याच्या ठिपक्यांनी भरलेलं असतं, ते एका क्षणाचे नसतात. कॅमेरा तिवईवर ठेवून काढलेल्या लांब एक्स्पोजरच्या अनेक चित्रांची ती बेरीज असते. छायाचित्रकाराला ते माहीत असतं, बघणाऱ्याला नसतं. तो चार-पाच तास गाडी चालवून येतो, त्याला दिसतं ते फोटोपेक्षा विरळ असतं, म्हणून तो आणखी जवळ जातो, रस्ता सोडून गवतात उतरतो. काही जातींच्या माद्यांना उडता येत नाही, इतर जातींतल्याही मीलनासाठी, अंडी घालण्यासाठी खालीच असतात. बुटाखाली काय गेलं ते त्याला कळतही नाही.

गंमत म्हणजे अंधाराचा नियम पाळला तर त्यात आपलाच फायदा आहे. माणसाचे डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. तेवढा वेळ गप उभं राहिलं की जे झाड विरळ वाटत होतं तेच दाट वाटायला लागतं, मागच्या रांगेतली झाडं दिसतात, आणि आभाळही दिसतं, जे शहरात कुणी पाहिलेलं नसतं. मध्येच मोबाइलचा पडदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे काजव्यांना जे हवंय तेच नीट पाहणाऱ्यालाही हवं आहे. हे कुणी गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण अर्धा तास गप उभं राहणं हे पॅकेजमध्ये विकता येत नाही.

आता इथे काही जण म्हणतील, मग सरळ बंदी घाला. तामिळनाडूत अनामलाईच्या व्याघ्र प्रकल्पात एकाच तालात चमकणाऱ्या काजव्यांचे प्रचंड थवे आहेत, तिथे गाड्यांच्या अशा रांगा लागत नाहीत. पण अकोले तालुक्याचं तसं नाही. इथे अभयारण्याच्या पोटात गावं आहेत, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-पाडे आहेत. भात, नागली, वरई यांवर वर्ष काढणाऱ्या घरात रोख पैशाची खरी चणचण नेमकी याच दिवसांत असते: बियाणं, खत, शाळेची वह्या-पुस्तकं, आणि पुढे पावसाचे चार महिने. घाटघरला पाऊस लागला की दिवसेंदिवस दार उघडवत नाही. त्या तोंडावर दोन-तीन आठवडे काजव्यांमुळे घरी जेवायला चार माणसं येतात, पोराला वाट दाखवायचे पैसे मिळतात. मुंबईत बसून ते बंद करा म्हणणाऱ्यानं आधी आपला एक पगार सोडून पाहावा. शिवाय भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं तेव्हापासून या खोऱ्यानं खालच्या मुलखासाठी बरंच काही सोडलेलं आहे. आता उपजीविकेचं हे एक साधनही सोडा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

तसाच दुसरा प्रश्न, आणि तो मला जास्त टोचतो. ज्या पाड्यांवर वीज उशिरा पोचली, तिथल्या बाईला आपण सांगायचं का, की काजव्यांसाठी अंगणातला दिवा लावू नकोस? साप आहेत, विंचू आहेत, बिबट्या आहे. उजेड ही तिची गरज आहे, आमची हौस नाही. म्हणून दिव्यांत फरक करावाच लागेल. ओसरीतला एक बल्ब आणि हॉटेलच्या फाटकावरचा हॅलोजन यांना एका तराजूत घालणं अन्यायाचं होईल. पहिला दिवा विझवायचा नाही, त्याला फार तर वरून टोपी घालायची, म्हणजे उजेड अंगणात पडेल आणि झाडावर जाणार नाही. दुसऱ्याला मात्र जाब विचारायचा.

राबाचं काय, असंही मला एकानं विचारलं. भाताच्या रोपासाठी इथे शेतकरी टाहाळ, म्हणजे झाडांच्या फांद्या तोडतो, पालापाचोळा गोळा करतो आणि रोपांच्या जागेवर ते जाळतो, म्हणजे राब भाजतो. त्यात अळ्या मरत नाहीत का? मरत असतील. ज्या सादड्याच्या फांद्या राबाला तोडल्या जातात त्याच सादड्यावर जूनमध्ये काजवे असतात, हेही खरं आहे. पण राब पिढ्यान्पिढ्या भाजला जातोय, गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर, आणि त्यासकट काजवे टिकून राहिले. पांढऱ्या एलईडीचा सडा हा अलीकडचा. नवा पाहुणा आल्यावर घरात भांडण झालं तर आधी जुन्या माणसाला कोपऱ्यात का घ्यायचं?

जगभरातले काजव्यांचे अभ्यासकही फार वेगळं सांगत नाहीत. 2020 साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांची मतं एकत्र करून धोक्यांची जी यादी केली गेली, तिच्यात अधिवासाचा नाश पहिला होता, आणि त्याच्या पाठोपाठ रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. पर्यटन त्यांच्या बरंच खाली होतं. मलेशियात सेलांगोर नदीवर कांपुंग क्वांतान नावाचं गाव आहे. तिथे नदीकाठच्या खारफुटीच्या झाडांवर काजवे जमतात, आणि पाहुण्यांना इंजिनाच्या बोटीऐवजी वल्ह्याच्या छोट्या होड्यांतून नेतात. पाहणाऱ्यांची शिस्त म्हणावी तर ही. तरीही काठावरची झाडं साफ होत गेली तशी काजव्यांवर संक्रांत आलीच. पर्यटकाला शिस्त लावली म्हणजे काम झालं, हा समज तिथे खोटा ठरला.

तरी गर्दीला मर्यादा नको असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाच्या जागी एकसाथ चमकणारे काजवे आहेत. ते पाहायला तिथे सोडत काढतात: हंगामाच्या भरातल्या आठेक रात्री, आणि रोज साधारण 120 गाड्या. नंबर लागला तर जायचं, नाही लागला तर पुढच्या वर्षी. टॉर्चवर लाल कागद बांधायचा, कारण लाल उजेड काजव्यांना सगळ्यात कमी जाणवतो. (इथे एक सावधगिरी: पिवळा दिवा म्हणजे निसर्गस्नेही दिवा, असा आपल्याकडे समज आहे. काजव्यांचा स्वतःचा उजेड पिवळसर-हिरवाच असतो, त्यामुळे पिवळ्या दिव्यानंही त्यांचा घोळ होतोच.) आपल्याकडे वनविभाग प्रवेश शुल्क घेतो, रात्री ठरावीक वेळेनंतर प्रवेश बंद करतो, हेडलाइट आणि फ्लॅश वापरू नका असे फलक लावतो. हे चांगलंच आहे. पण शनिवारी किती गाड्या आत सोडायच्या याचा कडक आकडा नसेल तर फलकाचा उपयोग तेवढाच, जेवढा एसटीतल्या ‘थुंकू नका’चा. गाड्या शेंडीलाच थांबवाव्यात, पुढे गावकऱ्यांच्याच जीपगाड्यांनी न्यावं, चालवणाऱ्यांना भाडं मिळावं, दिवा कुठे बंद करायचा हे त्यांना माहीत असतं. किती माणसं घ्यायची ते ग्रामसभांनी वनविभागाबरोबर बसून ठरवावं आणि पैसा त्यांच्याकडे राहावा. आज शनिवारच्या रात्री मिळणारा मोठा पैसा कँपचालक नेतो आणि सकाळी प्लास्टिक उचलायचं काम गावाकडे उरतं.

आणि तीन आठवड्यांपलीकडे? अंधाराची हद्द आखता येते, हे महाराष्ट्रानंच करून दाखवलं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतात पहिली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून खाली जमिनीकडे उजेड टाकणारे दिवे बसवले गेले. गावं अंधारात बुडाली नाहीत. रस्ता दिसतो आणि आभाळही दिसतं. पेंचमध्ये हे ताऱ्यांसाठी झालं, भंडारदऱ्यात तेच काजव्यांसाठी होऊ शकतं. यंत्रणा तीच, राज्य तेच. अभयारण्यातली आणि त्याच्या काठची हॉटेलं, कँप, धरण आणि रस्त्यावरचे उंच दिवे यांची एकदा मोजणी करायची, टोप्या घालायच्या, ठरल्या वेळी दिवा बंद करणारी कळ बसवायची, आणि मेच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत संध्याकाळी सातनंतर सजावटीचा एकही दिवा नको. नव्या कँपला परवानगी देताना दिव्यांचा आराखडा मागायचा, जसा सांडपाण्याचा मागतात. किंवा मागायला हवा.

हे करायला पैसा फार लागत नाही. अडचण वेगळी आहे. आपल्या राजकारणात दिवा लावल्याचं उद्घाटन होतं, दिवा झाकल्याचं होत नाही. हायमास्ट उभा राहिला की त्याच्या खांबावर नाव लागतं. टोपी घातलेल्या दिव्यावर कुणाचं नाव लावणार? गावांनाही उजेड म्हणजे विकास हेच इतकी वर्षं सांगितलं गेलं आहे, आणि ज्यांच्या वाट्याला तो उशिरा आला त्यांना ते पटलं यात नवल नाही. म्हणून ग्रामसभेपुढे हा विषय काजव्यांचं प्रवचन म्हणून नेऊन उपयोग नाही. ती माणसं काजव्यांना आपल्यापेक्षा जास्त ओळखतात. पाऊस कधी येणार याचा अंदाज ती त्यांच्यावरून बांधत आली आहेत. विषय न्यायचा तो व्यवहाराचा: या झाडावर काजवे नसतील तर त्या रस्त्याला शनिवारी काळं कुत्रं फिरकणार नाही.

जाणाऱ्यांच्या हातात एक गोष्ट मात्र आत्ताही आहे, आणि तिला सरकार लागत नाही. बुकिंगचा फोन. मध्यंतरी मी अशाच एका कँपला फोन केला आणि विचारलं, रात्री तुमच्याकडे दिव्यांचं काय असतं? पलीकडून तत्परतेनं उत्तर आलं, “लाइटची अजिबात काळजी करू नका सर, रात्रभर चालू असतात. जनरेटर आहे आपला.” त्याला दोष देता येत नाही. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकानं त्याला तेवढंच विचारलेलं आहे: लाइट असते ना, चार्जिंगला पॉइंट आहे ना, शेकोटी असते ना. आठ ते अकरा दिवे बंद ठेवणार असाल तरच येतो, असं सांगणारे पन्नास फोन एका मेमध्ये गेले, तर झाडांवरच्या माळा उतरवायला त्याला वनविभागाच्या नोटिशीची वाट पाहावी लागणार नाही.